हिरड्यांवर जीव असलेला डॉक्टर

“वैशाली, पळ! लवकर ये, काय सुंदर आहे बघ!”

आतून अशी हाक आली की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांचे चेहरे पडायचे. आत कुणीतरी आ वासून खुर्चीत आडवं झालेलं असायचं आणि निरगुडे डॉक्टर त्याच्या तोंडात टॉर्च मारून जागच्या जागी नाचत असायचे. सुंदर म्हणजे गळू. सुंदर म्हणजे आडवी उगवलेली अक्कलदाढ. एका वकीलसाहेबांना तर ते म्हणाले होते, “काय देखणी सूज आहे हो तुमची!” वकीलसाहेबांनी तोंडातला कापूस काढून विचारलं, “डॉक्टर, ही स्तुती समजू की नोटीस पाठवू?”

डॉक्टरांना जाऊन आता दोन वर्षं होतील. नाशिकला रविवार कारंजाजवळचा त्यांचा पहिल्या मजल्यावरचा दवाखाना बंद झाला, मी दुसरीकडे नोकरी धरली. तरी रस्त्यात कुणीतरी थांबवतंच, “तुम्ही निरगुडे डॉक्टरांकडच्या ना?” मी अकरा वर्षं त्यांच्याकडे होते. लागले रिसेप्शनिस्ट म्हणून, पण त्या दवाखान्यात डॉक्टर सोडून दुसरं माणूस मी एकटीच, त्यामुळे नाव नोंदवण्यापासून रडणाऱ्यांचा हात धरून बसण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

नोकरीसाठी गेले तेव्हा सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून बसले होते. त्यांनी फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “आ कर.” मी नोकरी मागायला आलेय, दात दाखवायला नाही, असं सांगायच्या आत आरसा तोंडात गेला होता. पाच मिनिटं ‘हं, हं’ चाललं. मग म्हणाले, “डावीकडून चावतेस. उजवीकडे दुखतंय आणि घरी सांगितलेलं नाहीस. उद्यापासून ये.” मला इतका राग आला, की येणारच नव्हते. पण दुखत होतं हे खरं होतं, आणि आईला सांगितलं नव्हतं हेही.

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, तोंडं राहत. एकदा आम्ही दवाखान्यातून निघून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात शिरलो. एका भाजीवाल्याने हात जोडून “राम राम डॉक्टर” केलं. डॉक्टर त्याच्याकडे परक्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, “जरा हसा बघू.” तो बिचारा हसला. “अरे! वरच्या उजव्या सुळ्याच्या शेजारची! कशी आहे ती?” असे ओरडले की आजूबाजूच्या पाच-सात पाट्यांवरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पुढचा पाऊण तास त्या ओळीतला प्रत्येक विक्रेता डॉक्टरांपुढे आ करून उभा होता, मी मोबाइलचा उजेड धरून होते, आणि माझ्या पिशवीतली कोथिंबीर मान टाकत होती.

पण दात हे त्यांचं खरं प्रेम नव्हतं. ते म्हणायचे, “दात म्हणजे दगड गं. हिरडी जिवंत असते. हिरडी बोलते.” निरोगी हिरडी दिसली की ते खट्टू व्हायचे, पुढे काही बघण्यासारखं नाही म्हणून. आणि याच हिरड्यांच्या प्रेमापोटी त्यांनी एक मंजन बनवलं होतं.

दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी हा कारखाना चाले. भाजलेली तुरटी, सैंधव, बाभळीच्या सालीची पूड, लवंग, आणि वर मूठभर पेपरमिंटची फुलं, म्हणजे त्याचे पांढरे खडे. हे सगळं काकूंच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या, मिक्सरमधून जायचं. काकूंनी दोन मिक्सर बदलले, पण निरगुड्यांच्या घरची आमटी शेवटपर्यंत थोडी थंडगार लागायची. मंजन पांढऱ्या गोल डब्यांत भरायचं, डबीवर चिठ्ठी माझ्या अक्षरात, आणि वाटायचं फुकट. पेशंटला एक डबी, पेशंटबरोबर आलेल्याला एक, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला एक. झाकण उघडताच नाकात झिणझिण्या यायच्या. मी ते एकदाच लावलं होतं. दिवसभर ओठ आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी उत्साहाने विचारलं, “कसं वाटलं?” मी म्हणाले, “छान.” दुसरं काय म्हणणार? एवढं हौसेने केलेलं.

मंदाताई पहिल्यांदा आल्या त्या तुटक्या दाढेसाठी, श्रावणात. दिंडोरीला त्यांचं मिरची-मसाला कांडप होतं. नवरा गेल्यावर दिराने द्राक्षबागेत छाटणीला चल म्हटलं, तर या बाईने कर्ज काढून कांडपाचं मशीन आणलं आणि घरापुढच्या पडवीत बसवलं. मशिनं काय, चार ठिकाणी होती. पण दूरदूरच्या गावांहून बाया डबे घेऊन मंदाताईंकडेच यायच्या, त्यांच्या जिभेपायी. कुटलेल्या मसाल्याची चिमूट जिभेवर ठेवून त्या डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, “खोबरं जादा भाजलंय,” नाहीतर, “धने मागल्या सालचे हाईत.” काय कमी पडलंय ते सांगून, घालून, परत कुटून द्यायच्या. काळ्या मसाल्याला त्यांनी ‘झालं’ म्हटलं की ते वर्षभर झालं. दाढ बसवताना डॉक्टरांनी विचारलं, दात कशाने घासता? त्या म्हणाल्या, राखुंडीनं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मी पिशवीत डबी टाकली.

दिवाळीनंतर त्या परत आल्या त्या तोंडाला पदर लावूनच. पदर काढला आणि मी मागे सरकले. दातांच्या कडेपासून वरपर्यंत सगळ्या हिरड्या लालभडक, मखमलीसारख्या फुगलेल्या, बोट लागलं तरी रक्त येणार अशा. डॉक्टरांनी मला हाक मारली, पण हळू. “वैशाली, ये.” सुंदर वगैरे काही नाही. गावातल्या कुणीतरी मंदाताईंना सांगितलं होतं की असं रक्ताच्या कॅन्सरमध्ये होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी आपला जेवणाचा डबा उघडला नाही. रक्त स्वच्छ निघालं तेव्हा चार वाजले होते, आणि मंदाताईंच्या आधी डॉक्टरांनीच डोळे पुसले.

मग हिरडीचा एक कण काढून लॅबमध्ये पाठवला. तो रिपोर्ट आला आणि माणूस वेडा झाला! स्टुलावर उभे राहून त्यांनी तो मोठ्याने वाचला. प्लाझ्मा सेल जिंजिव्हायटिस. “अगं, लोकांच्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये हे दिसत नाही! आणि आपल्याकडे आलंय, रविवार कारंजाला!” मंदाताई खुर्चीत बसून बघत होत्या. डॉक्टर स्टुलावरून उतरले आणि त्यांना समजावून सांगायला लागले. “हे बघा ताई, ही एक प्रकारची ॲलर्जी आहे. शरीरात पोलीस असतात. तुमच्या तोंडात रोज कुणीतरी साधा माणूस येतोय आणि पोलीस त्याला चोर समजतायत. म्हणून सगळा बंदोबस्त येऊन हिरडीत बसलाय. तो साधा माणूस कोण, तेवढं शोधायचं. तो यायचा बंद झाला की सूज उतरेल.”

“मंग पोलिसांस्नीच सांगा ना,” मंदाताई म्हणाल्या, “सोडून द्या म्हनावं त्याला.”

डॉक्टर इतके हसले की टॉर्च खाली पडला. पण पुढचं वाक्य मात्र हसण्यासारखं नव्हतं. मिरची, दालचिनी, लवंग, दगडफूल, सगळे संशयित एकाच ठिकाणी सापडत होते. मसाला चाखायचा बंद.

मंदाताईंनी पदर परत तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “चाखायचं नाय, तर मंग मी तिथं करू काय, डॉक्टर? मशीन काय, कुनीबी चालवंल.”

“एकच महिना,” डॉक्टर म्हणाले. आणि त्यांना एक वही दिली. दिवसभरात तोंडात जाईल ते ते त्यात लिहायचं.

एक महिन्याचे अडीच झाले. डॉक्टर दर आठवड्याला वही माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, मध्येच थांबवायचे, टेबलावर थाप मारायचे. “थांब! आलं! चहात आलं आहे!” मग आलं बंद. मग वांगं बंद, शेंगदाणा बंद, पान बंद. शेवटी वहीत नुसतं ‘दूध-भात, पानी’, ‘दूध-भात, पानी’ असं पानामागून पान. हिरड्या मात्र होत्या तशाच, उलट जास्तच लाल. प्रत्येक वेळी डॉक्टर नव्या उमेदीने नवा संशयित धरायचे, प्रत्येक वेळी मी पिशवीत डबी टाकायचे. इकडे दिंडोरीत न चाखलेला मसाला नेऊन बाया कुरकुरायला लागल्या होत्या.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मंदाताईंचा फोन आला. आवाज अगदी शांत. “वैशालीताई, डॉक्टरांस्नी सांगा, वही बंद केली. मशीन इकतेय. निफाडची पार्टी सांजच्याला टेम्पो घिऊन येतेय. आता चाखायचंच नाय, तर तोंडाचं व्हईल ते व्हईल.”

होळीनंतर कांडपाचा मोसम. वर्षाची सगळी कमाई त्या दोन-अडीच महिन्यांतली. मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी खुर्चीतल्या पेशंटचं काम पुरं केलं, हात धुतले, बाहेरच्या तिघांची माफी मागितली आणि दवाखान्याला कुलूप लावलं. मला म्हणाले, “बस मागे.” दिंडोरी रस्त्याला द्राक्षांचे क्रेट भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते, आणि डॉक्टर त्यांच्या मधून स्कूटर काढत स्वतःशी ओरडत होते, “काय राहिलं? काय राहिलं?” मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते.

पडवीत मशीन गोणपाटात गुंडाळून, दोरी बांधून तयार होतं. दीर शेजारी उभे. डॉक्टरांनी चपला काढल्या आणि म्हणाले, “मंदाताई, झोपा.”

“आत्ता?”

“झोपा, आणि सकाळ झाली असं समजून उठा. उठल्यापासून रोज करता ते सगळं करून दाखवा. काही म्हणजे काही वगळायचं नाही.”

दिरांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मंदाताई लाजत सतरंजीवर आडव्या झाल्या, उठल्या, जमिनीला हात लावून नमस्कार केला, केस बांधले. मोरीशी गेल्या, तांब्या भरून घेतला. फळीवरून पांढरी गोल डबी काढली, तळहातावर चांगला ढीग ओतला आणि बोटाने हिरड्या खसाखसा घासायला लागल्या. पेपरमिंटचा भपकारा पडवीपर्यंत आला. मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या घासत होत्या.

डबीवर माझं अक्षर होतं.

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “हे वहीत का नाही?”

मंदाताईंनी चूळ भरली. “ते तं औषध हाय ना, तुम्ही दिलेलं. खायाप्यायाचं लिहिलं मी. तुमचं औषध कसं लिहायचं?”

“झोंबतं?”

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा दिरांकडे बघितलं. “झोंबतं की.”

“कधीपासून?”

“पैल्या दिसापास्नं.”

“मग बोलला का नाहीत?”

“एवढ्या मायेनं दिलेलं तुम्ही. त्याला नावं ठिवू? आन् मला वाटलं, झोंबतंय म्हंजी काम करतंय. म्हनून तीनदा लावाया लागले.”

आता हा माणूस खचणार, असं मला वाटलं. मी पाण्याचा ग्लास शोधायला लागले. डॉक्टरांनी डबी हातात घेतली, वास घेतला, मोरीच्या कट्ट्यावर बसले. आणि एकदम उडी मारून उठले. “सापडला! अहो, मीच! पेपरमिंट! राखुंडीत नव्हतं, मसाल्यात नाही, फक्त यात आहे! मंदाताई, तुमचा मसाला निर्दोष आहे!” दिरांचा हात धरून तो ते गदागदा हलवत होते. मोरीत पाय घसरला, दिरांनीच सावरलं. मग मंदाताईंसमोर येऊन उभे राहिले. “अडीच महिने तुम्हाला दूध-भात खायला लावला हो मी. आणि वर तेच विष पिशवीत घालून दिलं.” साठीतल्या त्या माणसाने हात जोडले. मंदाताई घाबरून “अवं, काय करता!” म्हणत मागे सरल्या.

“मशीन विकू नका,” डॉक्टर दिरांना म्हणाले. “तीन आठवडे द्या मला. होळीच्या आत सांगतो.”

“आन् टेम्पो निघाला आसंल, त्यांना काय सांगू?”

“सांगा, नाशिकचा डॉक्टर वेडा झालाय.”

दिरांनी खरोखर तेच सांगितलं. मी ऐकलंय.

मंजन बंद, नुसती मिठाच्या पाण्याची चूळ. डॉक्टरांनी त्यांना एका त्वचारोगतज्ज्ञांकडेही नेलं. पाठीवर ओळीने चिकटपट्ट्या लावल्या, मिरची, दालचिनी, लवंग, पेपरमिंट. दोन दिवसांनी काढल्या तर सगळी पाठ साफ आणि पेपरमिंटच्या जागी लाल चौकोन. डॉक्टरांनी त्या चौकोनाचा फोटो मला पाठवला, काकूंना पाठवला, पुण्याच्या लेकीला पाठवला, आणि चुकून दवाखान्याच्या इमारतीच्या ग्रुपवरही. दर चार दिवसांनी हिरड्यांची लाली एकेक पायरी उतरत होती. तिसऱ्या आठवड्यात मंदाताई खुर्चीत बसल्या, डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि दवाखाना दणाणला, “वैशाली, पळ! काय कंटाळवाणी हिरडी आहे बघ! गुलाबी! बघण्यासारखं काहीच नाही!” मंदाताई आ केलेल्या तोंडानेच हसत होत्या, आणि मी रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं कशाला.

दुसऱ्या कुणी हे प्रकरण इथे मिटवलं असतं. डॉक्टरांनी रजिस्टर काढलं आणि मला डबी घेतलेल्या प्रत्येकाला फोन करायला बसवलं. “निरगुडे मंजन झोंबतं का, खरं सांगा.” पहिल्या दहा जणांनी “छान आहे, छान आहे” म्हटलं. अकराव्या बाई म्हणाल्या, “खरं सांगू? आम्ही त्याने देवाची तांब्याची भांडी घासतो. लख्ख निघतात.” मी हे भीत भीत आत जाऊन सांगितलं. डॉक्टर टाळ्या वाजवून हसले. त्यानंतर मी प्रत्येकाला भांड्यांचंच विचारायला लागले, आणि काय सांगू, निम्म्या नाशिकचे देव आमच्या मंजनाने उजळले होते!

नंतर शहरातल्या दंतवैद्यांच्या सभेत त्यांनी ही केस मांडली. शेवटच्या चित्रात आपली पांढरी डबी आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘कारण: प्रस्तुत वक्ता’. एक ज्येष्ठ डॉक्टर हळूच म्हणाले, “निरगुडे, एक घरगुती मंजन असं म्हटलं असतंत तरी चाललं असतं.” आमचे डॉक्टर माइक सोडून खाली येऊन त्यांना सांगायला लागले, “अहो, पण सगळी गंमत तिथेच आहे! बाईंनी मला जगातलं सगळं सांगितलं, फक्त माझं सोडून!” पहिल्या रांगेत मंदाताई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना विचारलं, राग नाही आला? त्या म्हणाल्या, “आला ना. पर टेम्पोच्या आधी आले वो ते.”

डॉक्टरांना मी शेवटचं धडधाकट बघितलं ते त्याच मोसमात, दिंडोरीला. त्या पावसाळ्यात ते आजारी पडले आणि लेकीकडे गेले ते गेलेच. दिंडोरीला गेलो तो एप्रिल असावा. पडवीत बायांची रांग घराबाहेरपर्यंत, मशीन धडधडतंय, हवेत मिरचीची लाल धूळ. डॉक्टर शिंकत, नाक पुसत त्या गर्दीतून वाट काढत गेले. हातात नवी डबी होती. मंदाताई कुणाच्या तरी मसाल्याची चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटून उभ्या होत्या. “लवंग पुरं झाली. मीठ घाल आनखी,” त्यांनी निकाल दिला आणि मग डॉक्टरांना बघितलं.

“ताई, नवीन केलंय,” डॉक्टर म्हणाले. “पेपरमिंटचा कणसुद्धा नाही. तुमच्या जिभेला विचारायचंय.”

मंदाताईंनी पदराला हात पुसले. डबीतली चिमूट मसाल्यासारखीच जिभेवर ठेवली, डोळे मिटले. रांग मोडून बाया पुढे सरकल्या. कुणीतरी मशीनही बंद केलं. मंदाताईंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि पडवीच्या कडेला जाऊन थुंकल्या.

“सांगू?”

“सांगा!”

“लय बेकार हाय, डॉक्टर. खडू चावल्यावानी. आन् मीठ तं दुप्पट पडलंय.”

आणि डॉक्टर दोन्ही हात वर करून ओरडले, “वैशाली, लिही! लिही लवकर! मला बेकार म्हणाल्या!” पांढऱ्या केसांवर मिरचीची धूळ, डोळ्यांतून धारा, शिंकांवर शिंका, आणि तो माणूस रांगेतल्या प्रत्येक बाईला थांबवून सांगत होता, “ऐकलंत ना? तोंडावर म्हणाल्या!”

मंदाताईंनी तोवर पुढचा डबा ओढून घेतला होता.